पक्के मिस्त्रींचे आठ बोल्ट

पक्के हे त्यांचे आडनाव नव्हते. ते त्यांच्या एका शब्दावरून पडलेले नाव होते. गाडी तयार झाली की गिऱ्हाईक विचारी, "मिस्त्री, झालं का काम?" आणि मिस्त्री चिंधीला हात पुसत एवढेच म्हणत, "पक्कं." त्या शब्दाच्या मागे-पुढे काही नसे. हळूहळू सारी गल्ली त्यांना पक्के मिस्त्री म्हणू लागली आणि पुढे तर टपालही त्याच नावाने येऊ लागले. त्यांच्या पत्नी म्हणत, "माझं लग्न एका आडनावाशी झालं आणि संसार दुसऱ्याच आडनावाशी चाललाय."

मिस्त्रींचे काम क्लचचे होते. ज्यांनी गाडी केवळ बाहेरून पाहिली आहे, त्यांच्यासाठी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. इंजिनाच्या मागच्या टोकाला एक जड लोखंडी चाक असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्या चाकावर क्लचची प्लेट दाबून बसलेली असते. प्लेट फिरली की गिअरबॉक्स फिरतो आणि गाडी पुढे जाते. डाव्या पायाने पेडल दाबले की प्लेट चाकापासून सुटते. पाय उचलला की पुन्हा चिकटते. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांची सोयरीक जमवायची आणि वेळेला मोडायची, हे क्लचचे काम. मिस्त्री म्हणत, "मी मध्यस्थ आहे. दोन्हीकडचं जमलं तर मध्यस्थाला कुणी विचारत नाही. बिघडलं तर पहिला जोडा मध्यस्थाच्या डोक्यात."

एकोणचाळीस वर्षे त्यांनी ही मध्यस्थी केली होती. या एकोणचाळीस वर्षांत त्यांनी बांधलेला गिअरबॉक्स त्याच कामासाठी पुन्हा उतरवावा लागला, असे एकदाही घडले नव्हते.

याचे कारण एक पिवळी रेघ होती. बोल्ट शेवटचा आवळून झाला की मिस्त्री बारीक कुंचल्याने त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत एक पिवळी रेघ ओढत. पुढे कधी बोल्ट सैल झालाच, तर रेघ तुटलेली दिसते आणि चोरी उघडी पडते. ही पद्धत त्यांना थोरल्या भावाने शिकवली होती. तिचा क्रम ठरलेला होता: आधी आवळणे, मग रेघ, मग शब्द. रेघ ओढल्याशिवाय "पक्कं" म्हणायचे नाही, असा थोरल्या भावाचा दंडक होता.

त्या थोरल्या भावाचा शेवट मिस्त्रींच्या मनात काट्यासारखा रुतला होता. अखेरच्या वर्षांत भावाचे डोके साथ देईनासे झाले. एक दिवस त्यांनी एक साधे इंजिन खोलले, सगळे भाग चादरीवर नीट मांडले आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसून राहिले. दोन तासांनी मिस्त्री तेथे गेले तेव्हा भाऊ म्हणाले, "हे कुणाचं रे? फार छान मांडलंय." त्या दिवसापासून मिस्त्रींना मरणाचे भय वाटेनासे झाले. भय वाटे ते त्या चादरीचे. आपले हात चालत असताना डोके निघून जाईल आणि ते आपल्यालाच कळणार नाही, ही चिंता बासष्टाव्या वर्षी त्यांच्या मागे सावलीसारखी फिरत होती. त्यांनी ती कोणालाही सांगितली नव्हती.

त्यांचे गॅरेज दोन गाड्यांपुरते होते. एका बाजूला गाडी उचलायची लिफ्ट होती, दुसऱ्या बाजूला सुनेचा लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचे यंत्र. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली होती आणि पाना त्याच आकृतीवर टांगायचा, असा नियम होता. मिस्त्रींचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. सून लेथकाम शिकून आली होती आणि गेली सहा वर्षे सासऱ्यांबरोबर काम करीत होती. तिच्या हातात सफाई होती. जिभेवर त्याहून अधिक होती. मात्र फ्लायव्हीलचे बोल्ट शेवटचे आवळताना मिस्त्री तिला जवळ उभे राहू देत नसत.

"बाबा, मी मोजू का? तुम्ही आवळा, मी आकडा म्हणते."

"मोजायला त्या काय शेळ्या आहेत?"

"शेळ्या असत्या तर निदान बें करून हजेरी तरी दिली असती."

"तू तुझा लेथ सांभाळ, सूनबाई. एक बोल्ट, एक माणूस, एक डोकं. दोन डोकी आली की दोघंही समजतात, दुसऱ्यानं केलं असेल."

हे बोलणे शहाणपणाचे होते, यात संशय नाही. पण ज्या एका डोक्यावर त्यांनी सारा भार टाकला होता, त्याच्याविषयी त्यांना स्वतःलाच धाकधूक होती.

एका सोमवारी सकाळी दातांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई आपली गाडी घेऊन आल्या. गाडी लहान, लाल, वेगवान आणि हाताने गिअर बदलायची होती. बाई वर्षातून दोन-तीनदा डोंगराच्या रस्त्यावरील शर्यतीत ती पळवत. आदल्या महिन्यात त्यांनी इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती.

"मिस्त्रीकाका, चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन ओरडतं, काटा वर जातो, पण गाडी जागची हलत नाही."

"म्हणजे गडी बोंबलतो फार आणि ओझं उचलत नाही."

"अगदी तसंच."

"क्लच घसरतोय. इंजिन पैलवान झालं, क्लच मात्र पूर्वीचाच पोऱ्या राहिला. त्याला कुस्ती कशी झेपणार?"

डॉक्टरबाई तयारीने आल्या होत्या. त्यांनी डिकीतून खोकी काढली: घट्ट पकडीचा नवा क्लच, एकसंध पोलादाचे हलके फ्लायव्हील, आणि फ्लायव्हीलच्या आठ नव्या बोल्टांची दोन पाकिटे.

"दोन कशाला?" मिस्त्रींनी विचारले.

"माझ्या दवाखान्यात प्रत्येक वस्तू दोन असते. एक हातातून पडली तर?"

"लग्नात नवरेही दोन आणले होते का?"

"एकच मिळाला, काका. म्हणून तर जपून वापरते."

सून लेथमागून मोठ्याने हसली. मिस्त्रींनी फ्लायव्हील दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिले आणि गंभीर झाले. "एक गोष्ट आधीच सांगतो, बाई. तुमचं जुनं चाक दोन भागांचं आहे. आत स्प्रिंगा आहेत, त्या इंजिनाचे धक्के पोटात घालतात. हे नवं चाक हलकं आहे, त्यानं इंजिन चटकन वर जाईल. पण याला पोट नाही. गाडी उभी असताना गिअरबॉक्समधून खडखड येईल. मग दोन दिवसांनी येऊन म्हणू नका, मिस्त्री आत पाना विसरला."

"नाही म्हणणार. आणि पेडल?"

"जड होईल. डाव्या पायाला व्यायाम. शिवाय पहिले सहाशे किलोमीटर हळू चालवायची. नवी प्लेट चाकावर बसली पाहिजे. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी शंभर माणसांचा स्वयंपाक सांगायचा नसतो."

"मला तर पहिल्याच दिवशी इंजिन उतरवायला लावलं होतं," सून म्हणाली.

"ती वेगळी गोष्ट. तू स्वतः मागितलं होतंस."

असे ठरले की गाडी शुक्रवारी न्यायची आणि रविवारी डॉक्टरबाईंनी आपल्या वृद्ध आईला घेऊन बहिणीच्या गावी जायचे. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर होत होते. क्लचही बसेल आणि आईचीही हौस होईल.

मिस्त्रींनी काम नेहमीच्याच श्रद्धेने केले. बुधवारी गिअरबॉक्स उतरवला. जुनी प्लेट काढली तेव्हा ती तव्यावर करपल्यासारखी काळी झालेली होती. गुरुवारी सकाळी त्यांनी नव्या चाकाचा पृष्ठभाग स्पिरिटने पुसला, कारण तेलकट बोटाचा एक ठसादेखील क्लचला घसरवू शकतो. मग चाक जागेवर बसवून ते फिरू नये म्हणून त्याच्या दात्यांत अडकण घातली आणि आठ बोल्ट हाताने लावले.

हे बोल्ट आवळण्याची रीत दोन टप्प्यांची असते. आधी ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचे. तो जोर आला की मापाचा पाना 'टक्' असा आवाज करतो. त्यानंतर लांब दांड्याने प्रत्येक बोल्ट आणखी पाव फेरा फिरवायचा. त्या पाव फेऱ्यात बोल्ट किंचित ताणला जातो आणि तोच ताण चाकाला धरून ठेवतो. म्हणूनच असे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. आवळायचे तेही ओळीने नव्हे, समोरासमोर, एकाआड एक.

पहिला टप्पा झाला. मिस्त्रींनी लांब दांडा घेतला आणि पाव फेरे द्यायला आरंभ केला. ते गाडीखाली असतानाच त्यांचा फोन वाजला. पत्नीचा होता. पत्नी कामाच्या वेळी क्वचितच फोन करीत, म्हणून त्यांनी दांडा खाली ठेवला आणि हात पुसून फोन घेतला.

"तुमचा जवळचा चष्मा शोधत होता ना सकाळी?"

"हो. सापडला का?"

"सापडला. फ्रिजमध्ये. दुधाच्या भांड्यामागे."

"फ्रिजमध्ये कुणी ठेवला?"

"मांजर चष्मा लावत नाही आणि मला तुमचा नंबर चालत नाही. आता तुम्हीच सांगा, कुणी ठेवला."

मिस्त्री हसले. पत्नीही हसल्या. पण त्याच महिन्यात घरची पाण्याची मोटार त्यांच्या हातून दोनदा चालू राहिली होती, ते मिस्त्रींना आठवले. चादर आठवली. मग "बरं, ठेव बाहेर" असे म्हणून त्यांनी फोन बंद केला, थोडा वेळ उभे राहिले, आणि पुन्हा कामाला लागले.

शुक्रवारी पाच वाजता डॉक्टरबाई दवाखाना आटोपून आल्या. इंजिन सुरू केले. सांगितल्याप्रमाणे गिअरबॉक्समधून खडखड आली, आणि पेडल दाबताच ती थांबली. मिस्त्री शेजारी बसून एक फेरी मारून आले. गाडी चौथ्या गिअरमध्ये दोरीने ओढल्यासारखी पुढे गेली.

"झालं का काम, काका?" बाईंनी उतरताना विचारले.

मिस्त्री म्हणाले, "पक्कं."

शनिवारी सकाळी शेजारचा रंगारी चहाचा पेला हातात धरून दारात आला. तो गाड्यांना रंग मारी आणि मिस्त्रींना पिवळ्या रंगाच्या बाटल्या देई. जुनी बाटली वाळली म्हणून मिस्त्रींनी बुधवारीच त्याच्याकडून नवी घेतली होती.

"पक्के, कसा वाटला नवा रंग? पूर्वीच्यापेक्षा घट्ट आहे म्हणतात. रेघ फुटत तर नाही ना?"

"बघू," मिस्त्री म्हणाले, कारण त्यांना आठवेना. ते फळीपाशी गेले. बाटली तेथेच होती. तिच्या झाकणावरचा कागदी पट्टा जसाच्या तसा चिकटलेला होता.

बाटली उघडलेली नव्हती. म्हणजे रेघ ओढलेली नव्हती. रेघ ओढलेली नसेल, तर त्याआधीचे आवळणे तरी पुरे झाले होते काय? त्यांनी डोळे मिटून गुरुवारची सकाळ आठवून पाहिली. स्पिरिटचा वास आठवला. मापाच्या पान्याचे टक्-टक् आठवले. नंतर प्लेट मध्यावर बसवली, तेही आठवले. मधला भाग कोरा होता. पाटी पुसल्यासारखा.

"काय झालं?" रंगाऱ्याने विचारले.

मिस्त्रींनी त्याला खरे ते सांगितले. रंगारी जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "अहो, रेघच राहिली ना? रेघ म्हणजे काय, कुंकू. कुंकू लावायचं राहिलं म्हणून लग्न मोडतं का? बोल्ट तुम्ही आवळलेच असणार. हात आपोआप करतात. गाडी चालली ना काल?"

"चालली."

"आवाज?"

येथेच खरी अडचण होती. एरवी मिस्त्रींनी गाडी उभी करून कान लावला असता आणि सैल चाकाचा ठोका क्षणात ओळखला असता. पण या नव्या चाकाची जातच खडखडण्याची. त्या खडखडीत एक ठोका लपून बसला तर तो कोणत्याही कानाला ऐकू येणार नव्हता. एकोणचाळीस वर्षांचा कान या एका गाडीपुढे साक्ष देऊ शकत नव्हता.

"झाकली मूठ ठेवा, पक्के," रंगारी म्हणाला. "एवढ्या वर्षांत एकदाही गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरला नाही तुमचा. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? गल्लीला तेवढंच पाहिजे असतं."

रंगारी वाईट माणूस नव्हता. तो मित्राची अब्रू राखू पाहत होता. मिस्त्री स्टुलावर बसले. त्यांच्या मनात प्रथम जे आले ते डॉक्टरबाईंविषयी नव्हते, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. प्रथम आले ते स्वतःविषयी. गाडी उघडली आणि आत बोल्ट सैल निघाले, तर ते केवळ बोल्ट ठरणार नव्हते. ती चादर ठरणार होती. न उघडता राहिले, तर ठाऊकच होणार नव्हते. आणि ठाऊक नसण्यात मोठी गोडी असते.

मग त्यांना डॉक्टरबाईंच्या आई आठवल्या. मिस्त्रींनी त्या आईंना कधी पाहिले नव्हते. पण गाडीत पुढच्या आसनावर पाय लांब करून बसलेली एक म्हातारी त्यांना दिसली. तरुणपणी एका गॅरेजात त्यांनी सुटलेले फ्लायव्हील पाहिले होते. ते पायाजवळचा पत्रा कागदासारखा फाडून आत आले होते. तो गाडीवाला पुढे जन्मभर काठी घेऊन चालला.

ते उठले. "सूनबाई, डॉक्टरबाईंना फोन लाव."

"काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. लाव फक्त. बोलणारा मी आहे."

फोन लागला. मिस्त्री उभे राहून बोलले, जणू बाई समोरच होत्या. "डॉक्टरबाई, काल मी तुम्हाला पक्कं म्हणालो. तो शब्द मी परत घेतो. चाकाचे बोल्ट मी पूर्ण आवळले की नाही, मला आठवत नाही. गाडी चालवू नका. मी गाडी दोराने ओढून आणवतो."

पलीकडे कुणाच्या तरी तोंडातले पाणी ओढणारी नळी सूं सूं करीत होती.

"काका, आठवत नाही म्हणजे? काल तर तुम्ही…"

"काल मला आठवत नाही, हे आठवत नव्हतं."

"उद्या आईला घेऊन निघायचंय मला."

"म्हणूनच फोन केला."

मग बाई म्हणाल्या, "मी एकदा जबड्यात कापूस विसरले होते. रात्रभर झोपले नाही. सकाळी पेशंटला बोलावून टाका उसवला. कापूस होता. तेव्हापासून माझी नर्स मोठ्यानं मोजते आणि मी गप्प ऐकते. गाडी दवाखान्यासमोर उभी आहे, घेऊन जा."

अकरा वाजता लाल गाडी दोराने बांधून गल्लीत आली. गल्लीने ती पाहिली. न्हावी कात्री थांबवून दारात आला. "काय पक्के, पाहुणी परत?" असे कोणीतरी म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "हो. माझ्याकडून राहिलंय काहीतरी." एवढे सरळ उत्तर आल्यावर चेष्टेला पुढे जागा उरली नाही.

सासरा आणि सून दोघांनी मिळून गिअरबॉक्स तीन तासांत उतरवला. क्लच काढला, चाक उघडे पडले. आठ बोल्ट, एकावरही रेघ नाही. मिस्त्रींनी मापाचा पाना पहिल्या टप्प्यापेक्षा बराच अधिक जोरावर लावला. पाव फेरा दिलेला असेल तर बोल्ट हलणार नाही आणि पाना टक् म्हणेल. दिलेला नसेल तर बोल्ट आधी फिरेल. आवळण्याच्या त्याच क्रमाने जायचे म्हणून त्यांनी पाना पहिल्या बोल्टाला लावला आणि सुनेकडे पाहिले.

"सूनबाई, मोज."

सून जवळ आली. तिने शेळ्यांचे नाव काढले नाही.

"एक."

टक्.

"दोन."

टक्.

तिसरा, चौथा, पाचवा. टक्, टक्, टक्. मिस्त्रींच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला. सुनेच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागले होते.

"सहा."

पाना फिरला. आवाज आला नाही. बोल्ट पान्याबरोबर वळला. सातवाही वळला. आठवाही.

मिस्त्रींनी पाना हळूच खाली ठेवला, त्याच्या आकृतीवर नव्हे, जमिनीवरच, आणि ते लिफ्टच्या खांबाला टेकून बसले. म्हणाले, "पाच झाले होते. मग फोन आला. चष्म्याचा."

"मग बाबा, फोनमुळे झालं! माझ्या हातूनही झालं असतं."

"असतंही. पण फोननंतर दांडा उचलायचा सोडून मी प्लेट उचलली. रेघही विसरलो. थोरल्या दादांचंही असंच कशाकशामुळे व्हायचं. कधी फोन, कधी पाहुणे, कधी ऊन. दर वेळी काहीतरी कारण असायचं."

सून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला नाही. ते त्यांना आवडले नसते. ती म्हणाली, "थोरल्या काकांना कधी आठवलं का हो, की आपण विसरलोय?"

मिस्त्रींनी विचार केला. "नाही. त्यांना वाटायचं, सगळं छान मांडलंय."

"मग तुम्ही आज जे केलंत, ते त्यांना जमलं नसतं."

मिस्त्री उठले आणि डॉक्टरबाईंचे दुसरे पाकीट शोधू लागले, ज्याची त्यांनी सोमवारी थट्टा केली होती. जुने आठही बोल्ट काढून त्यांनी डब्यात टाकले. नवे लावले. पहिला टप्पा त्यांनी केला. सुनेने आकडे म्हटले. पाव फेऱ्यांच्या वेळी तिने गॅरेजचे दार ओढून घेतले आणि दोघांचे फोन लेथच्या खणात ठेवले. आता प्रत्येक बोल्टाला दोघांचा आवाज होता. तिने म्हणायचे, "चार." त्यांनी आवळून म्हणायचे, "चार झाला." त्याशिवाय पाच यायचा नाही. आठवा झाल्यावर मिस्त्रींनी बाटलीवरचा कागदी पट्टा फाडला, कुंचला बुडवला, आणि तो सुनेपुढे धरला.

"मी?"

"आवळणारा वेगळा, रेघ ओढणारा वेगळा. प्रत्येक बोल्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मगच ओढ. माझ्यावर विश्वास ठेवून ओढू नकोस."

तिने आठ रेघा ओढल्या. त्या त्यांच्या रेघांपेक्षा सरळ आल्या. मिस्त्रींनी ते पाहिले आणि खोकून घेतले.

सहाच्या सुमारास डॉक्टरबाई आल्या, बरोबर आईंना घेऊन. आई काठी न घेता, पण मुलीचा दंड धरून चालत होत्या. मिस्त्रींनी काही न लपवता सांगितले: पाच झाले होते, तीन राहिले होते. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. त्या गाडीकडे नाही, आईच्या पायांकडे पाहत राहिल्या.

"काका," त्या शेवटी म्हणाल्या, "मी दातांची असले तरी डॉक्टर आहे. एकदा डोक्याच्या डॉक्टरांना दाखवून या. मी वेळ घेऊन देते. कदाचित काहीच नसेल."

"आणि असेल तर?"

"तर लवकर कळलेलं बरं. दाताचंही तसंच असतं."

मिस्त्रींनी मान हलवली. "येईन. तुम्ही परत आलात की." इतकी मोठी गोष्ट त्यांनी इतक्या साध्या शब्दांत मान्य केली याचे सुनेला नवल वाटले, पण खरी गोष्ट अशी होती की, ज्याचे भय होते ते त्यांनी दुपारीच पान्याने तपासून पाहिले होते.

इंजिन सुरू झाले. खडखड आली.

"अगं बाई," आई म्हणाल्या, "गाडीत भांडी कोण घासतंय?"

"तिची जातच तशी आहे, आजी. पेडल दाबलं की गप्प बसते," सून म्हणाली.

"मग आमच्या घरात सगळ्यांनाच बसवा हो असं पेडल."

डॉक्टरबाईंनी खिडकीची काच खाली केली आणि सवयीने विचारले, "झालं ना काम, काका?"

मिस्त्रींच्या ओठांवर शब्द आला होता. त्यांनी तो तेथेच थांबवला आणि सुनेकडे पाहिले. सुनेच्या बोटाला पिवळा रंग लागला होता. तिने एकदा सासऱ्यांकडे, एकदा गाडीकडे पाहिले आणि म्हणाली, "पक्कं."

गाडी सोमवारी परत आली, सहाशे चाळीस किलोमीटर हळू चालून. मिस्त्रींच्या तपासण्या पुढच्या आठवड्यात सुरू झाल्या. दर सहा महिन्यांनी या, असे डॉक्टरांनी सांगितले. गल्लीत त्यांचे नाव पक्केच राहिले. शब्द मात्र आता सून उच्चारते.

चष्मा त्यानंतर आणखी एकदा दुधाच्या भांड्यामागे सापडला. त्या वेळी पत्नींनी फोन केला नाही. दुपारी मिस्त्री जेवायला आले तेव्हा तो पुसून त्यांच्या ताटाजवळ ठेवलेला होता. कामाच्या वेळी फोन करू नये, हे पत्नींना कोणी सांगितले, ते मिस्त्रींनी विचारले नाही. त्यांनी चष्मा लावला. तो अजून गार होता.